टर्बोचं एस्टिमेट आणि चेंबरमधली जाळी: पंधरा वर्षांच्या डिझेल गाडीचं एक प्रकरण

गाडी २०१० च्या जूनची, एमएच ११ पासिंग, पहिलाच मालक. मालक म्हणजे साताऱ्यातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेले सर. मीटरवर १,१२,६०० किलोमीटर. इंजिन १.३ लिटरचं मल्टिजेट, ७५ पीएसचं. २०२५ च्या मे महिन्यात ती आमच्या गॅरेजला आली तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजचं एस्टिमेट सरांच्या खिशात होतं: नवा टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा), फिटिंगसह ४८,००० रुपये.

तक्रार अशी. पुण्याहून येताना खंबाटकीत गाडी ओढेना. चौघं जण, डिकीत सामान, एसी चालू. तिसऱ्या गिअरला रेस दिली तरी नुसता आवाज वाढायचा, वेग नाही. मागून काळा धूर, आणि अर्धा घाट चढल्यावर मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा. घाट उतरून सुरूरच्या पुढे सपाटीला लागल्यावर गाडी बऱ्यापैकी चालली. दोनेक दिवसांनी दिवाही आपोआप गेला. पहिल्या गॅरेजवाल्याने टर्बोवरचा रबरी होज काढला, आतून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं काळं ऑइल सरांना दाखवलं आणि सांगितलं, "टर्बोने ऑइल सोडलंय. गेला तो."

त्यात भर म्हणजे जूनमध्ये आरसीची पंधरा वर्षं संपत होती. नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, वर फिटनेस आणि पर्यावरण कर. जुन्या गाड्यांच्या एका डीलरने आहे तशी गाडी ९०,००० ला मागितली होती.

"मिस्त्री, स्पष्ट सांगा. टर्बो टाकायचा की गाडीच काढून टाकायची?"

"सर, आधी बघू तरी द्या."

इंजिन कुठलं

हे इंजिन फियाट आणि जनरल मोटर्सने मिळून काढलं, २००३ साली बाजारात आलं आणि २००५ मध्ये आपल्या गटात इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर ठरलं. १२४८ सीसी, चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व. आपल्याकडे ते फियाट, टाटा, मारुती अशा अनेकांच्या बॉनेटखाली बसलं. एक कारखाना तर पुण्याजवळ रांजणगावलाच. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हे प्रदूषणाचे नवे निकष आले तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं. तरी रस्त्यावर या इंजिनाच्या इतक्या गाड्या आहेत की पार्ट साताऱ्यात सहज मिळतो आणि हे इंजिन खोललेला मिस्त्री गल्लीगल्लीत भेटतो. जुनी गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना मी सगळ्यांत आधी हेच बघतो.

इंजिन दणकट आहे. चारपाच लाख किलोमीटर झालेल्या टुरिस्ट गाड्या मी पाहिल्या आहेत. पण त्यात ऑइल बसतं जेमतेम तीन लिटर. तेवढ्याच ऑइलवर बेअरिंगं, हायड्रॉलिक टॅपेट, टायमिंग चेनचा (व्हॉल्व वेळेवर उघडणाऱ्या साखळीचा) ताण धरणारा टेन्शनर आणि टर्बो, सगळ्यांचं भागतं. टर्बोचा शाफ्ट भर रेसला मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो धातूला टेकलेलाच नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्यामुळे टर्बोची तक्रार आली की आधी ऑइलची चौकशी.

पहिली तपासणी

गाडी रात्री ठेवून घेतली, कारण सकाळचा पहिला सेल्फ मला स्वतः ऐकायचा होता. गरम गाडी बरंच काही लपवते. सकाळी सेल्फ मारला तसा टायमिंगच्या बाजूने साखळी खुळखुळल्याचा आवाज आला आणि पाचसहा सेकंदांनी बसला. तो लक्षात ठेवला.

स्कॅनरवर पी०२९९ साठवलेला होता, म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा मिळाला नाही. या कोडवरून बरेच जण टर्बो बदलायला निघतात. पण कोड फक्त दाब कमी पडल्याचं सांगतो. तो टर्बोने तयारच केला नाही, की तयार होऊन वाटेत गळाला, हे माणसाने शोधायचं असतं.

काळा धूर गळतीकडे बोट दाखवत होता. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याने हवा मोजली, कॉम्प्युटरने तेवढ्या हवेचं डिझेल सोडलं, पण हवा पुढे फटीतून निसटली, तर डिझेल जास्त आणि हवा कमी. ते अर्धवट जळतं आणि काळं बाहेर पडतं. टर्बोने खरंच ऑइल सोडलं असतं तर धूर निळसर दिसला असता. सरांना तीनतीनदा विचारलं. धूर काळाच.

मग एअर फिल्टरकडचं तोंड बंद करून कॉम्प्रेसरने हलका दाब दिला आणि होजवर साबणाचं पाणी मारलं. टर्बोकडून इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिकडे, जाणाऱ्या होजला वळणाच्या खालच्या अंगाला फेस आला. होज काढून हातात वाकवला तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. सोडला की पुन्हा मिटायची, वरून बघून सापडणं शक्यच नव्हतं. साध्या रेसला ती बंद राहते आणि घाटात दाब चढला की उघडते. सपाटीला गाडी नीट का चालली, याचं उत्तर तिथेच होतं.

टर्बोचाही निकाल लगेच लावला. शाफ्ट बोटाने वर-खाली केला तर किंचित हलतो. तेवढा हलायलाच हवा, कारण ऑइलच्या थराची जागा ती. पुढे-मागे ओढला तर हलणं जाणवता कामा नये, ते जाणवलं नाही. पंख्याच्या कडा घासलेल्या नव्हत्या, आतल्या भिंतीवर ओरखडा नव्हता. आणि होजमधलं ऑइल? इंजिनाच्या पोटातली वाफ ब्रीदरमधून इनटेकमध्येच सोडलेली असते आणि तिच्याबरोबर ऑइलचा ओलावा येतो. एवढ्या चाललेल्या डिझेल गाडीचा होज आतून कोरडा निघाला तर मला उलट आश्चर्य वाटेल. बोटाला ऑइल लागलं म्हणून टर्बो गेला, हे निदान होत नाही.

होज टाकून गाडी दिली असती तर

अडीच हजारांत काम झालं असतं. गाडी घाटात ओढली असती, सर खूश झाले असते. पण सकाळचा तो चेनचा आवाज होता, आणि डिपस्टिकवरचं ऑइल पुसताना फडक्यावर पसरत नव्हतं, काजळासारखं एका जागी बसत होतं. म्हणून ऑइलचा दाब मोजायचं ठरवलं.

दाबाचा स्विच काढून त्या जागी साधा काट्याचा गेज लावला. इंजिन पूर्ण गरम होऊन रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं, थंड इंजिनावर दाब कायम चांगलाच दिसतो. गरम झाल्यावर आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, ०.७ बार (बार हे दाबाचं माप). जुन्या इंजिनाला चालवून घेण्यासारखा. २,००० आरपीएमला १.१. ३,००० ला १.२, आणि काटा थरथरायला लागला.

या प्रकरणाची किल्ली या तीन आकड्यांत आहे. बेअरिंगं झिजलेली असतील तर आयडलिंगला दाब पडतो, पण रेस वाढवली की चढत जातो. इथे उलटं. आयडलिंगला बरा, आणि रेस वाढवली तरी फारसा चढेना. दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने ३,००० ला दोनच्या वर हवा. पंप फिरतोय पण त्याला ओढायला ऑइल मिळत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे पंपाच्या तोंडाशी, चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीत अडथळा.

मीटरवरचा लाल ऑइलचा दिवा यात कधीच लागला नसता. तो स्विच साधारण अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली काम करतो आणि इथे दाब तेवढा खाली गेलाच नव्हता. भर घाटात, टर्बो सगळ्यांत जास्त फिरत असताना, गरजेच्या मानाने ऑइल सगळ्यांत कमी पोचत होतं आणि दिवा गप्प होता. दिवा लागत नाही म्हणजे ऑइल ठीक, असं मानणाऱ्या गाडीवाल्यांनी हे एवढं तरी लक्षात घ्यावं.

चेंबर उतरवला. तळाशी पातळ, बुळबुळीत काळा थर होता, खरवडला तर नखात बसेल असा. जाळीचा दोन तृतीयांश भाग बंद. त्यावर कडक काजळीचे पापुद्रे, आणि त्यांच्यात गुंतलेले करड्या रंगाचे रबरासारखे धागे. ते धागे सिलिकॉनचे. चेंबर पूर्वी कुणीतरी काढून बसवला होता आणि बसवताना सिलिकॉन सढळ हाताने लावलं होतं. बाहेर आलेलं दिसतं म्हणून पुसलं जातं. आत तेवढंच येतं, ते तुटून ऑइलमध्ये पडतं आणि जाळीवर जाऊन बसतं. या कामाला दोन-तीन मिलिमीटरची सलग रेघ पुरते. त्याहून जास्त लावणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खर्चाने त्याचंच इंजिन बुजवणं.

सरांची वही

एवढी काजळी कुठून आली हे विचारलं तर सर जरा दुखावले. "मिस्त्री, एकही ऑइल चुकवलेलं नाही. दहा हजार कधी होऊ दिले नाहीत." दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले. गाडी घेतल्यापासूनची प्रत्येक नोंद त्यात होती, तारीख आणि किलोमीटरसह, सुवाच्य अक्षरात.

पहिल्या पाच वर्षांत गाडी ६८,००० पळाली होती. मुलगी पुण्याला शिकत होती, महामार्गावरच्या फेऱ्या. ऑइल दर आठ-नऊ महिन्यांनी. सगळं उत्तम. पुढच्या पानांवर चित्र पालटलं. मार्च २०१८ ला ८८,४०० वर ऑइल. मग फेब्रुवारी २०२० ला ९६,९०० वर. मग ऑक्टोबर २०२२ ला १,०५,८०० वर. त्यानंतर थेट आत्ता. किलोमीटरच्या हिशोबाने प्रत्येक वेळी दहा हजारांच्या आत, सरांचं म्हणणं शब्दशः खरं. महिन्यांच्या हिशोबाने तेवीस, बत्तीस आणि एकतीस. कंपनीच्या पुस्तकात 'दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं असतं. वहीत महिन्यांचा रकाना नव्हताच, त्यामुळे त्याकडे लक्ष गेलं नाही.

तेही किलोमीटर कसले, तर घर ते शाळा, तीन किलोमीटर, आणि परत. पोवई नाक्याच्या गर्दीत पहिला-दुसरा गिअर. एवढ्या अंतरात डिझेल इंजिन धड गरमच होत नाही. आत धरलेलं पाणी उडून जात नाही, थोडं डिझेल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ईजीआरने परत आणलेल्या धुराची काजळी वाढत जाते. त्यातून बीएस३ च्या डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत गंधक चालायचं. बीएस४ ला ते ५० वर आलं आणि २०२० नंतरच्या बीएस६ ला १० वर. गंधकापासून होणारं आम्ल मारण्यात ऑइलची ताकद खर्च होते. म्हणजे या गाडीची सुरुवातीची वर्षं इंधनाने कठीण होती आणि नंतरची वापराने. महामार्गावरचे दहा हजार आणि गावातले दहा हजार ऑइलच्या लेखी एक नाहीत.

आणखी एक गोष्ट वहीत नव्हती, बोलता बोलता निघाली. कोरेगावकडे सरांची शेती आहे, ट्रॅक्टर आहे. ऑइल कमी दिसलं की ट्रॅक्टरच्या कॅनमधलं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, थंडीत घट्ट राहणारं ऑइल अर्धा लिटर वरून ओतायचं. ते ऑइल वाईट नाही, ट्रॅक्टरसाठी ते चांगलंच आहे. या इंजिनाला सकाळी थंडीत चेनच्या टेन्शनरपर्यंत झटकन पोचणारं ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० लागतं. आणि खरा तोटा वेगळाच झाला. डिपस्टिकवर पातळी कायम भरलेली दिसत राहिली, त्यामुळे आतलं ऑइल जुनं झालंय हे जाणवायची वेळच आली नाही.

सिलिकॉनचीही नोंद सापडली: २०१९, 'चेंबर लिकेज काम, रु. ६००'.

काय बदललं, काय नाही

जाळी नवीन टाकली. धुऊन वापरता आली असती, पण घट्ट पापुद्रे सुटले की नाहीत याची खात्री कोण देणार? टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी आणि तिचे वायसर नवीन. होज नवीन. बिगएंडचं, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं, एक बेअरिंग उघडून पाहिलं. बारीक रेघा होत्या, पण झिजून आतला तांबूस रंग वर आलेला नव्हता, तेच परत बसवलं. ईजीआर काढून साफ केला. तो पत्रा लावून कायमचा बंद करून द्या असं सांगणारे बरेच असतात. मी करत नाही. नियमात बसत नाही, आणि फिटनेसला जाणाऱ्या गाडीला तर अजिबात नको.

चेनवरून आमची चर्चा झाली. सरांचं म्हणणं, आवाज पाच सेकंदच येतो, दाब सुधारला की थांबेल, मग दहा हजार कशाला घालायचे? मुद्दा चुकीचा नव्हता. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, दाब आला की आवाज कमी होणारच. पण साखळी ताणली गेली असेल तर ती परत आखूड होत नाही. तिने एखादा दात सोडला तर व्हॉल्व पिस्टनला भिडतात आणि हेडचं काम लागतं. शिवाय टायमिंगचं कव्हर काढायचं तर चेंबर उतरवावाच लागतो, तो आधीच खाली होता. आज केलं तर मजुरी निम्मी. सर तयार झाले. जुनी साखळी नव्या साखळीशेजारी खिळ्याला टांगली, तर खालच्या टोकाला काही मिलिमीटरचा फरक उघड दिसत होता. टेन्शनरची दांडी जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेली. सरांनी मोबाइलवर फोटो काढून घेतला.

या इंजिनात चेन बसवताना कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना लागतात. जुन्या खुणांवर अंदाजाने बसवणारा मिस्त्री असेल तर गाडी तिथून न्यावी.

इंजिन आतून धुण्याचा प्रश्न निघतोच. चेंबरमध्ये डिझेल ओतून दहा मिनिटं आयडलिंगला ठेवायची पद्धत अजून चालू आहे. डिझेलचा थर बेअरिंगला पेलत नाही, टर्बोच्या शाफ्टला तर मुळीच नाही. बाजारातलं कडक फ्लशही मी इतक्या जुन्या थरावर वापरत नाही, कारण पापुद्रे एकदम सुटले तर नवी जाळी पुन्हा बंद. त्यापेक्षा योग्य ग्रेडचं ऑइल भरायचं, हजारभर किलोमीटरला फिल्टरसकट काढायचं आणि पुन्हा भरायचं. चांगलं ऑइल आतला थर हळूहळू आपल्यात घेतं. खर्च थोडा जास्त, धोका जवळजवळ नाही.

बिल २९,६०० झालं. त्यात चेनचा सेट ९,८०० आणि मजुरी ९,५००. टर्बो जुनाच. नवा टर्बो बसवला असता तर? चीर असलेला होज त्या कामात कदाचित बदललाही गेला असता आणि गाडी ओढायला लागली असती. पण नव्या टर्बोलाही ऑइल त्याच बुजलेल्या जाळीतून मिळालं असतं. वर्षा-दोन वर्षांत तोही गेला असता आणि मग पार्ट डुप्लिकेट होता यावरून भांडण झालं असतं. असे टर्बो माझ्याकडे येतात. आत नवा कोरा पंखा आणि ऑइलविना निळा पडलेला शाफ्ट.

नंतर

गरम इंजिनावर दाब आयडलिंगला १.३, ३,००० आरपीएमला ३.१, काटा स्थिर. सकाळचा आवाज सेल्फबरोबर येतो आणि लगेच बसतो. यवतेश्वरच्या चढाला स्कॅनर लावून नेली, सर शेजारी बसले होते. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब वळणावळणाला जुळत होते, धूर नाही.

परतताना त्यांनी विचारलं, गाडी बंद करण्याआधी टर्बोसाठी थांबावं लागतं का? गावात फिरून आल्यावर गरज नाही. घाट चढून लगेच थांबायचं असेल तर अर्धा-एक मिनिट आयडलिंगला ठेवावी. खंबाटकी चढून पुढे उतार लागतो, तेवढ्यात टर्बो निवतो. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीत शिरल्या शिरल्या चावी फिरवणाऱ्यांनी मात्र जरा दम धरावा.

आरसीचं नूतनीकरण झालं, पाच वर्षांसाठी. ९०० किलोमीटरला पहिलं ऑइल काढलं. काळंच होतं, पण फडक्यावर पसरत होतं. आता ऑइलची तारीख किलोमीटरवर ठेवलेली नाही. दसऱ्याला, खंडेनवमीच्या आधी, गाडी धुवायला काढतात तेव्हाच ऑइल आणि फिल्टर, मीटर काहीही दाखवो. वहीत महिन्यांचा रकाना सरांनी स्वतः आखला. वरून ओतायला ५डब्ल्यू-४० चा एक लिटरचा डबा डिकीत असतो, आणि त्यातलं किती गेलं तेही लिहिलं जातं. सध्या हजार किलोमीटरला शंभर मिली लागतं. या वयाच्या इंजिनाला ते चालेल.

एक काम शिल्लक आहे. क्रँकच्या मागच्या सीलशी हलकी ओल आहे, थेंब पडत नाही. नुसत्या ओलीसाठी गिअरबॉक्स उतरवणं मला पटलं नाही. क्लच अजून कंपनीचाच आहे, तो घसरायला लागला की गिअरबॉक्स खाली येईलच, त्याच वेळी सील टाकू.